पाळणाघर आणि मतपेटी

महाडहून पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्यानें आषाढांत प्रवास करणाऱ्यास दोहों बाजूंच्या खाचरांत लावणीसाठीं वांकलेल्या स्त्रियांच्या रांगा दिसतात. रांगेपासून थोडें दूर, बांधावरील एखाद्या झाडाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी टांगलेली असते आणि झोळीपाशीं सात-आठ वर्षांची एखादी बहीण राखणीला बसविलेली असते. महाडच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या स्त्रीची झोळी घरीं राहते व तिच्यापाशीं आजी बसते. मुंबईच्या कचेरींत जाणाऱ्या गृहिणीला आजी जवळ नसली, तर शेजारच्या पाळणाघराची फी मोजावी लागते. तिघींची परिस्थिति वेगळी आहे. प्रश्न मात्र एकच आहे. आई कामावर असतां मूल कोणी सांभाळावें आणि त्या सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावा?

हा प्रश्न घरगुती आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. तो स्वयंपाकघरांत, सासू-सुनेच्या संमतीनें सुटतो असें मानण्यांत येतें. परंतु गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर असें दिसून येईल कीं, ह्या प्रश्नाची जी कांहीं सोडवणूक झाली, तिचा मोठा भाग कायदेमंडळांत झाला. आणि कायदेमंडळांत कोण बसावें, तसेंच कोणास पुन्हां बसवावें, हें ठरविण्याचा अधिकार आज त्याच स्त्रियांच्या हातीं आहे. म्हणून पाळणाघराचा विचार मतपेटीच्या विचारापासून वेगळा काढतां येत नाहीं.

प्रथम हें समजून घेणें अवश्य आहे कीं, मूल सांभाळण्याचें काम स्वभावतःच महाग कां पडतें. कापडाच्या गिरणींत यंत्र सुधारलें म्हणजे एक मजूर पूर्वीच्या दुप्पट माग चालवूं शकतो व कापड स्वस्त होतें. तान्ह्या मुलांच्या बाबतींत असें कांहीं घडत नाहीं. एका बाईनें एका वेळीं पांच-सहा तान्हीं मुलें नीट सांभाळलीं तर पुष्कळ झालें. समजा, तिला महिन्याला बारा हजार रुपये द्यावयाचे आहेत आणि तिच्याकडे सहा मुलें आहेत. तर प्रत्येक आईच्या वांट्यास केवळ तिच्या पगारापायीं दोन हजार रुपये येतील. जागेचें भाडें, दूध, खाऊ, मदतनीस हीं निराळीं. आठ-दहा हजार रुपये मिळविणाऱ्या स्त्रीला हा भार पेलणें कठीण. येथें तीनच मार्ग संभवतात. आईनें आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा द्यावा. किंवा सांभाळणाऱ्या बाईनें अपुऱ्या पगारावर राबावें. किंवा कोणा तिसऱ्यानें, म्हणजे मालकानें अथवा सरकारनें, खर्चाचा वांटा उचलावा. चौथा मार्ग नाहीं. पहिले दोन मार्ग आपोआप घडतात, त्यांस कायदा लागत नाहीं. तिसऱ्या मार्गास मात्र कायदा लागतो, आणि कायद्यास तो मांडणारा माणूस लागतो.

असा माणूस महाडच्या शेजारीं जन्मला होता. माणगांव तालुक्यांतील गोरेगांव हें महाडच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर आहे. तेथें १८७९ सालीं नारायण मल्हार जोशी यांचा जन्म झाला. तो जिल्हा त्या वेळीं कुलाबा ह्या नांवानें ओळखला जात असे. १९८१ सालापासून त्याचें नांव रायगड आहे. जोशी हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजांत शिरले, १९११ सालीं त्यांनीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली, आणि १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत त्यांचा प्रमुख भाग होता. परळ भागांतील ज्या मार्गास आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात, तो ह्याच कोंकणी गृहस्थांच्या स्मरणार्थ आहे.

त्या काळच्या गिरणगांवांतील आयांची स्थिति काय होती, हें सरकारी चौकशींतच नमूद झालेलें आहे. मुंबई सरकारनें १९२२ सालीं डॉ. बार्न्स नांवाच्या एका स्त्री-डॉक्टरकडे गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी सोंपविली. बाळंतपणाच्या अगदीं आदल्या दिवसांपर्यंत स्त्रिया कामावर येत, व पैशाच्या ओढीनें लौकरच परत येत. कामावर असतां तान्हें मूल रडूं नये म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल होती. ह्या गोळीला लोक ‘बाळागोळी’ म्हणत. आई क्रूर होती म्हणून ती गोळी देत नसे. मूल शांत निजलें नाहीं तर रोजगार जाई, आणि रोजगार गेला तर मुलाच्या तोंडचें दूधहि जाई. ज्या समाजांत मुलाला सांभाळण्याची व्यवस्था नसते, त्या समाजांत त्याला गुंगींत ठेवण्याची व्यवस्था निघते.

जोशी १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून गेले होते. प्रसूतीच्या पूर्वीं सहा आठवडे व नंतर सहा आठवडे स्त्रीला विश्रांति असावी, आणि कामावर परतल्यावर मुलाला पाजण्यासाठीं दिवसांतून दोनदा अर्धा-अर्धा तास सवड मिळावी, असा करार त्या परिषदेनें संमत केला. पाजण्याची सवड द्यावयाची म्हणजे मूल जवळपास कोठें तरी असलें पाहिजे. म्हणजेच कारखान्याजवळ पाळणाघर पाहिजे. पाळणाघराची कल्पना कायद्याच्या भाषेंत शिरली ती अशा रीतीनें, पाजण्याच्या अर्ध्या तासाच्या निमित्तानें.

१९२१ सालापासून जोशी मध्यवर्ती कायदेमंडळांत कामगारांचे सभासद म्हणून बसत. १९२४ सालीं त्यांनीं तेथें प्रसूति-साहाय्याचें विधेयक आणलें. सरकारनें त्यास विरोध केला आणि १९२५ सालीं तें फेटाळलें गेलें. पण ह्या प्रसंगीं एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जोशी निवडून आलेले नव्हते. ते सरकारनें नेमलेले सभासद होते, आणि अशाच नेमणुकीनें ते १९४७ पर्यंत तेथें राहिले. ज्या गिरणीकामगार स्त्रियांसाठीं ते झगडत होते, त्यांपैकीं फारच थोड्यांना मत होतें. मुंबई प्रांतांत स्त्रियांस १९२१ सालीं मताधिकार मिळाला हें खरें. परंतु त्यास मालमत्तेची अट होती, आणि चाळींतील एका खोलींत राहणारी स्त्री त्या अटींत बसत नसे. जोशींनीं चांगलें काम केलें म्हणून त्यांस पुन्हां निवडून द्यावें, असें म्हणण्याची सोय त्या स्त्रियांना नव्हती; आणि त्यांच्या विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्यांस घरीं बसविण्याचीहि सोय नव्हती. विधेयक पडलें तेव्हां विरोध करणाऱ्यांपैकीं कोणासहि ह्या आयांना तोंड द्यावें लागलें नाहीं.

मध्यवर्ती कायदेमंडळांत जें घडलें नाहीं तें चार वर्षांनीं मुंबई प्रांतांत घडलें. मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२८ सालीं प्रसूति-साहाय्याच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हां डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं त्याचा जोरदार पुरस्कार केला. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, आईला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा भाग वस्तुतः सरकारनेंच सोसावयास पाहिजे. परंतु तशी व्यवस्था नाहीं तोंवर, ज्या मालकास स्त्रियांच्या कामापासून नफा होतो त्यानें तो भार उचलणें न्याय्य आहे. १९२९ सालीं कायदा संमत झाला. अशा प्रकारचा तो देशांतील पहिला होय. ‘हा खर्च कोणाचा’ ह्या प्रश्नाचें इतकें स्वच्छ उत्तर त्यानंतरहि फारसें कोणी दिलेलें नाहीं. मूल आईचें खरें, पण तें उद्यांचा नागरिकहि आहे.

पाळणाघराचा कायदा ह्यानंतर पायरीपायरीनें पुढें सरकला. ज्या शाही मजूर कमिशनवर जोशी स्वतः सभासद होते, त्यानें १९३१ च्या अहवालांत कारखान्यांतील पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवण्याचा नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांस दिली. १९४८ च्या कायद्यानें ही मुभा जाऊन सक्ति आली, आणि १९७६ सालीं पन्नासांची मर्यादा तीसांवर आणली गेली. येथें एक अडचण उद्भवली. तिसांहून अधिक स्त्रिया असल्या तरच पाळणाघर, असें म्हटलें कीं हिशेबी मालक तीस स्त्रियांवरच थांबूं शकतो. म्हणजे ज्या कायद्यानें स्त्रीस आधार द्यावयाचा, त्याच कायद्यानें तिला कामावर घेण्यास आडकाठी येते. २०१७ साली प्रसूतिविषयक कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिनें ही चूक ओळखली. पन्नास किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेनें पाळणाघराची सोय करावी, व ती माणसें मोजतांना स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, असें तिनें ठरविलें. आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची मोकळीक मिळाली. २०२५ च्या नोव्हेंबरांत जुन्या कायद्यांच्या जागीं नव्या श्रमसंहिता आल्या. त्यांतहि हें पन्नासांचें तत्त्व कायम आहे.

परंतु हा सर्व विचार कारखान्याच्या फाटकाच्या आंतील झाला. पोलादपूरच्या डोंगरांत कारखान्याचें फाटक नाहीं. सावित्रीच्या खोऱ्यांत व सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या वाड्या, घरांतील कर्ता पुरुष पुष्कळदां मुंबईस, आणि शेत, गुरें, पाणी व मूल हीं सर्व एका स्त्रीच्या अंगावर, असें तेथील चित्र आहे. अशा स्त्रीचा मालक कोण? तिच्यासाठीं पन्नासांची मोजदाद कोणी करावयाची? येथें आंबेडकरांच्या युक्तिवादाचा पहिला भाग लागू पडतो: जेथें मालक नाहीं तेथें सरकारनेंच पुढें आलें पाहिजे.

ह्या दिशेनें महाराष्ट्रांतच कांहीं मोलाचे प्रयत्न झाले. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनें त्यांच्या अंगणांत जावें, हा विचार तेथून पुढें रुजला. अनुताई वाघ ह्यांनीं कोसबाडच्या टेकडीवर तो वाढविला. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनीं सुरू झाली, तेव्हां तिच्या केंद्रांस हेंच नांव लाभलें. रोजगार हमीच्या कामांवर मुलांस सांवली व सांभाळणारी स्त्री असावी, हा विचारहि पुढें रूढ झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें तर अशीं पांच मुलें कामावर आलीं तर त्यांच्यासाठीं एक स्त्री नेमावी असें सांगितलें होतें.

तथापि अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे, हें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांसहि पुष्कळदां ठाऊक नसतें. अंगणवाडी पूरक आहार देते, लसीकरणास हातभार लावते, वजन घेते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण देते. पण ती दिवसांतील कांहीं तासच चालते, आणि तीन वर्षांखालील मुलाला ती बहुधा घरीं न्यावयाचा शिधा देते, दिवसभर सांभाळत नाहीं. लावणी मात्र दिवसभर चालते आणि कारखान्याची पाळी आठ तासांची असते. जें मूल सर्वांत लहान, त्याच्याचसाठीं व्यवस्था सर्वांत थोडी, अशी ही उलटी रचना आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालापासून ‘पाळणा’ ह्या योजनेखालीं अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा उपक्रम हातीं घेतला आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचीं मुलें, महिन्यांतून २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास, अशी तिची आंखणी आहे. सर्वसाधारण राज्यांत खर्चाचे साठ टक्के केंद्रानें व चाळीस टक्के राज्यानें द्यावयाचे आहेत. कल्पना उत्तम आहे. परंतु कागदावरील पाळणा वाडीपर्यंत पोंचविण्यास कोणी तरी मागें लागावें लागतें.

कागद आणि वस्तुस्थिति ह्यांतील अंतर महाडाइतकें दुसऱ्या कोणत्या गांवास ठाऊक असेल? सी. के. बोले ह्यांनीं मुंबईच्या कौन्सिलांत १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें जाहीरहि केलें. तरीपण तळ्याचें पाणी मिळालें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोक तळ्यावर चालत गेले तेव्हां तो ठराव ठराव राहिला नाहीं. आणि त्यानंतरहि न्यायालयाचा शेवटचा निर्णय होण्यास १९३७ साल उजाडलें. बालसंगोपनाच्या कायद्यांचीहि हीच कथा आहे. ठराव करणारा सभासद पाहिजे, आणि त्या ठरावाचा आधार घेऊन उभे राहणारे लोकहि पाहिजेत. एकाविण दुसरा पंगु होय.

आतां ह्या कामांत कोणाकडे काय आहे, हें मतदारानें ओळखलें पाहिजे. नाहीं तर चुकीच्या माणसास दोष दिला जातो व चुकीच्याच माणसास श्रेय मिळतें. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे असा महाराष्ट्रांत दंडक आहे; त्याचा हिशेब ग्रामसभेंत मागतां येतो. जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिति अंगणवाड्यांच्या कामावर लक्ष ठेवते. राज्याचा हिस्सा, सेविकांच्या मानधनांतील राज्याचा वांटा आणि योजनेची अंमलबजावणी हा विधानसभेचा विषय. महाड व पोलादपूर हे दोन्ही तालुके महाड विधानसभा मतदारसंघांत येतात. केंद्राचा कायदा व केंद्राचा पैसा लोकसभा व राज्यसभा ठरवितात.

वरिष्ठ सभागृहांची गोष्ट थोडी निराळी आहे. राज्यसभेचा सभासद सहा वर्षांसाठीं असतो व त्यास आमदार निवडतात. सामान्य मतदाराचें मत तेथें आमदाराच्या मार्फतच पोंचतें. डॉ. आंबेडकर १९५२ सालीं उत्तर मुंबईच्या मतदारांकडून लोकसभेस निवडून आले नाहींत. मुंबई राज्याच्या आमदारांनीं त्यांस त्याच वर्षीं राज्यसभेंत पाठविलें. विधान परिषदेंत मात्र सुशिक्षितांस थेट मत आहे. रायगड जिल्हा कोंकण पदवीधर मतदारसंघांत येतो. परंतु त्या यादींत नांव आपोआप येत नाहीं. प्रत्येक निवडणुकीपूर्वीं यादी नव्यानें तयार होते व पदवीधरास पुन्हां अर्ज करावा लागतो. घरांत चार पदवीधर आणि यादींत एकहि नाहीं, अशीं घरें शहरांत विरळ नाहींत.

मग एखाद्या प्रतिनिधीनें बालसंगोपनाचा कैवार घेतला आहे आणि तो पुन्हां उभा आहे, तर त्यास पाठिंबा देतांना काय पारखावें? पहिली गोष्ट, त्यानें सभागृहांत काय केलें: प्रश्न विचारले काय, दुरुस्त्या सुचविल्या काय, अंदाजपत्रकाच्या वेळीं तो बोलला काय. हीं कामकाजाचीं वृत्तें छापलीं जातात व पाहावयास मिळतात. दुसरी गोष्ट, त्याचा भर इमारतीवर आहे कीं माणसांवर. खासदाराच्या स्थानिक विकास निधींतून इमारत बांधतां येते, पण तींत काम करणाऱ्या बाईचा पगार देतां येत नाहीं. तो दर वर्षीं अंदाजपत्रकांतूनच मिळवावा लागतो. इमारतीचें उद्घाटन होतें व त्याचें छायाचित्र छापून येतें. पगार वेळेवर झाला ह्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांनीं डिसेंबर २०२३ मध्यें पुकारलेला संप महिन्याहून अधिक चालला, आणि सर्वोच्च न्यायालयास २०२२ सालीं ह्या सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क निर्णय देऊन सांगावा लागला, ह्यावरून खरा प्रश्न कोठें आहे तें समजेल. सांभाळणारी उपाशी ठेवून सांभाळ स्वस्त करणें ही काटकसर नव्हे. तिसरी गोष्ट, सर्वांत लहान मुलाचा व सर्वांत दूरच्या वाडीचा विचार त्याच्या बोलण्यांत येतो काय. चौथी, निवडणुकीच्या वर्षींच नव्हे तर मधल्या चार वर्षांतहि तो हें बोलत होता काय.

ह्यावर असा आक्षेप निघेल कीं, मत देतांना एकाच प्रश्नाकडे पाहूं नये. रस्ते, पाणी, दरडींपासून रक्षण हींहि महत्त्वाचीं आहेत. आक्षेप अगदीं रास्त आहे. जुलै २०२१ मध्यें महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली. तेथील माणसांस प्रथम काय हवें आहे हें कोणी शिकवावयास नको. परंतु रस्त्यासाठीं भांडणारे पुष्कळ असतात, कारण रस्त्यावरून सर्वच जातात. तान्ह्या मुलास मत नाहीं, आणि त्याच्या आईला सभेला जाण्यास वेळ नाहीं, कारण मूल कोणापाशीं ठेवावें हाच तिचा प्रश्न असतो. म्हणून ह्या विषयाचा कैवारी विरळा. अशा प्रतिनिधीस इतर गुण-दोषांबरोबर ह्या एका गुणाचें पुरतें वजन मिळावें, एवढेंच मागणें आहे. त्याचें काम लोकांनीं ओळखलें नाहीं, तर त्याच्यानंतर येणारा सभासद त्यापासून एकच धडा घेईल, कीं पाळण्यापेक्षां कमान उभारणें फायद्याचें असतें.

घरांतील सुशिक्षित स्त्री-पुरुषांनीं ह्या बाबतींत तीन कामें सहज करण्यासारखीं आहेत. आपलें व आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचें नांव मतदारयादींत आहे कीं नाहीं तें पाहावें. पदवीधरांनीं आपली नोंदणी वेळेवर करावी. आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, ‘आपल्या भागांत तीन वर्षांखालील मुलांसाठीं दिवसभर चालणारीं पाळणाघरें किती, आणि तेथील बायांचा पगार केव्हां झाला?’ एवढें विचारावें. ज्याला आंकडा ठाऊक असेल त्यानें काम केलेलें असेल. ज्याला ठाऊक नसेल तो पुढच्या खेपेस तरी माहिती करून येईल, आणि तेवढ्यानेंहि ह्या प्रश्नाचें पाऊल पुढें पडेल.